माणूस बावळट नसतो, आपण त्याचं डोकं बंद पाडतो: सुपरवायझर आणि मॅनेजरांनो, या चुका टाळा

जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये मी बरीच वर्षं उत्पादन सांभाळलं. एकदा तुरीचा लॉट पुरता वाळलेला नव्हता. टरफल सुटेना म्हणून ऑपरेटरनं तो पुन्हा पुन्हा रोलमधून काढला आणि चुनीचा, म्हणजे टरफल आणि डाळीच्या चुऱ्याचा, ढीग झाला. मी त्याला हमालांसकट सगळ्यांसमोर झापलं. तो अमळनेरकडचा, माझ्याहून वयानं मोठा. मान खाली घालून उभा राहिला.

पंधरा दिवसांनी चाळणीची जाळी फाटली. ते त्याला दिसलं होतं, पण तो बोलला नाही. अख्ख्या डाळीत खंडा, म्हणजे तुटकी डाळ, मिसळला, माल बाजारात गेला आणि परत आला. का सांगितलं नाहीस, असं विचारल्यावर तो म्हणाला, "सांगितलं असतं तर परत तेच ऐकावं लागलं असतं ना, साहेब."

मेंदूबद्दल वाचायला लागलो ते त्यानंतर.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक: चारचौघांत झापणं

कपाळाच्या मागे मेंदूचा जो भाग असतो, त्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. विचार करणं, पुढचं ठरवणं, एका वेळी दोन-चार गोष्टी ध्यानात ठेवणं, जिभेला आवर घालणं हे सगळं मुख्यतः त्याच्या जिवावर चालतं. येल विद्यापीठातल्या एमी आर्न्स्टेन यांनी या भागावर अनेक वर्षं काम केलंय. अचानक आणि आपल्या हाताबाहेरचा ताण आला की नॉरएपिनेफ्रिन आणि डोपामिन ही रसायनं तिथे भरमसाट वाढतात, पेशींमधली जोडणी ढिली पडते आणि ताबा भीतीशी जोडलेल्या अमिग्डलाकडे व जुन्या सवयींकडे जातो. म्हणजे समोरच्यानं नीट विचार करावा म्हणून आपण ओरडतो, आणि ज्या भागानं विचार व्हायचा तोच त्या क्षणी लुळा पडतो. झापलेला माणूस पुढचा तासभर आणखी चुका करतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. तो मुद्दाम करत नसतो.

अपमानाचं दुखणं वेगळंच. २००३ साली नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून संगणकावर चेंडू फेकण्याचा साधा खेळ खेळायला दिला आणि मध्येच त्यांना चेंडू देणं बंद केलं. तेव्हा मेंदूतला जो भाग जास्त सक्रिय झाला, तो शारीरिक वेदनेच्या त्रासातही सामील असतो. ही दोन्ही दुखणी हुबेहूब एक आहेत का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण वाळीत पडलेल्या माणसाला खरंच लागतं, हे आपल्या गावगाड्यात कुणाला सांगावं लागत नाही.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्येच औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. कारण तिथली माणसं चुका झाकत नव्हती. तुमच्या रजिस्टरमध्ये महिनोन्‌महिने एकही चूक नसेल, तर मी तरी आधी काळजी करेन.

मग करायचं काय? बिघाड कळला की पहिला प्रश्न "कोणी केलं?" हा नको. "काय व्हयनं भाऊ, पहिल्यापासून सांग" एवढंच विचारा आणि ऐका. कडक बोलायचं असेल तर बाजूला नेऊन बोला. आपलाच पारा चढला असेल तर आधी मनात म्हणा, "मला आत्ता राग आलाय." हे भाबडं वाटेल, पण मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात भावनेला शब्द दिल्यावर अमिग्डलाची हालचाल कमी झालेली दिसली.

शिफ्ट बदलताना आठ सूचना एका दमात

नेल्सन कोवन यांनी २००१ साली मांडलं की माणूस एका वेळी साधारण चारच गोष्टी ध्यानात धरू शकतो. रोलचा आवाज, धूळ आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपासचा पारा असताना तर चारही जड जातात. तीन सूचना द्या, बाकीच्या फळ्यावर लिहा, आणि त्यालाच एकदा म्हणून दाखवायला सांगा. आमच्याकडे निम्मी "ऐकत नाही" ही तक्रार फळ्यानंच मिटली.

बोनसची हवा करून गप्प बसणं

वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना रस देऊन दाखवलं की अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर मेंदूत बक्षिसाची खबर देणाऱ्या डोपामिनच्या पेशी उसळतात, अपेक्षेइतकंच मिळालं तर फारशी हालचाल नाही, आणि ठरलेलं मिळालंच नाही तर त्या एकदम थंडावतात. दिवाळीला "यंदा बघू" म्हणून आशा लावायची आणि हात आखडायचा, यापेक्षा आधीच खरं सांगितलेलं बरं. मिलचं वर्ष वाईट गेलंय हे कामगाराला पोत्यांवरून कळतंच. आणि अवचित, नेमकी दाद द्या: "काल तू बेअरिंगचा आवाज ओळखलास म्हणून मशीन वाचली." नुसतं "शाब्बास" कशासाठी, ते त्याला समजत नाही.

डबल शिफ्टला मर्दुमकी समजणं

२००० साली विल्यमसन आणि फेयर यांनी तपासलं: १७ ते १९ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहूनही वाईट होते. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. सीझनमध्ये सलग दुसरी पाळी करणाऱ्याला रोलजवळ उभं करू नका, पोती मोजायला बसवा. हाच नियम मॅनेजरलाही लावा. रात्रभर जागून सकाळी माणसांचे निर्णय घेऊ नका.

आणखी एक, भरतीबद्दल: उजव्या मेंदूचा माणूस, डाव्या मेंदूचा माणूस असं सांगून भरती करणारे भेटले तर पैसे वाचवा. २०१३ साली हजाराहून जास्त लोकांचे मेंदू तपासूनही असे दोन प्रकार आढळले नाहीत.

आधीच झापून बसला असाल तर

ज्यांच्यासमोर बोललात, त्यांच्यासमोरच चूक कबूल करा. केबिनमध्ये बोलावून हळूच माफी मागण्यात अर्थ नाही, कारण बाकीच्यांनाही भीती बसलेली असते. मी शिफ्ट सुटताना सगळ्यांना थांबवलं आणि म्हणालो, "वाळवण तपासायचं काम माझं होतं, मी तपासलं नाही आणि ओरडलो यांच्यावर." तो काहीच बोलला नाही. पुढचे दोन-तीन आठवडेही गप्पच होता, आणि मी घाई केली नाही. मग एका सकाळी माझी गाडी गेटमधून आत येत असतानाच त्यानं हात करून थांबवलं आणि धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचा पट्टा घासतोय म्हणून दाखवायला घेऊन गेला.