पात्यावरचं नंतर वाचा, आधी पाठ बघा

आमच्या सोसायटीतला एक पोरगा रविवारी जुन्या बाजारातनं तलवार घेऊन थेट माझ्याकडे आला. "काका, सत्तावनच्या बंडातली आहे. साहेबाची. विकणाऱ्यानं शपथेवर सांगितलं." मी म्यानातनं चार बोटं पातं बाहेर काढलं, परत आत ढकललं. सत्तावन तिथंच निकालात निघालं.

कसं, ते सांगतो. मी टूलरूममध्ये तीस वर्षं व्हर्निअर धरलं, इतिहासकार नाही. पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या तलवारी मापाबरहुकूम होत्या, त्यामुळं आमच्यासारख्याचं तिथं चालतं.

पहिलं, पातं सरळ आहे का? 1857 च्या पायदळी अधिकाऱ्याचं पातं हलकं वाकडं असायचं आणि परज, म्हणजे मुठीपुढची हाताची ढाल, पितळेची. सरळ पातं 1892 ला आलं. परज पोलादी झाली 1895 ला, आणि 1897 ला तिची आतली कड खाली वळवली, कारण ती अंगरख्यावर घासून कापड फाडायची. ही 1897 ची घडणच आपल्याकडे जास्त सापडते. परजेपासून अणीपर्यंत टेप लावा: साडेबत्तीस इंच, म्हणजे 82 सेंटीमीटरच्या थोडं वर. मुठीपाशी रुंदी साधारण इंचभर. दोन्ही अंगांना अरुंद नळ, म्हणजे पात्यात कोरलेली लांब खाच, तो अणीच्या बराच अलीकडे संपतो.

आता परज उजेडाला धरा. तिच्या जाळीत मुकुटाखाली राजाची अक्षरं कापलेली असतात. व्ही आर म्हणजे राणी व्हिक्टोरिया, 1901 पर्यंत. ई आर आणि रोमन सात म्हणजे एडवर्ड, 1910 पर्यंत. जी आर आणि रोमन पाच म्हणजे पाचवा जॉर्ज, 1936 पर्यंत. पोराच्या तलवारीवर पाचवा जॉर्ज होता. तो 1910 ला गादीवर बसला. सत्तावनच्या बंडात त्याचा जन्मही झाला नव्हता! हीच अक्षरं पात्यावर परत येतात, तिथं जुळवून बघा. परजेवर जॉर्ज आणि पात्यावर व्हिक्टोरिया असेल तर दोन तलवारींची एक केलेली असू शकते. मग मूठ कुणी, कधी बदलली याचा माग घ्यायचा.

पात्यावरची नक्षी तेजाबानं काढलेली असते. दहापट भिंग लावलं की अक्षराची कड किंचित खालीवर दिसते, आतला तळ रवाळ, राखी. लेझरची नक्षी सगळीकडे एकाच खोलीची आणि काळी. मुठीला पाकट माशाची कातडी आणि वर तारेचे वळसे. कातडीचे दाणे लहानमोठे, बेशिस्त. प्लॅस्टिकच्या मुठीत एकच ठसा ओळीनं परत परत येतो. साच्याचा सांधाही असतो, तो नखानं चाचपा. परज ओतीव असेल तर आतल्या कोपऱ्यात बुडबुड्यांची बारीक भोकं राहतात. अशा नव्या तलवारी डेहराडूनला शोभेसाठी राजरोस बनतात, त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा, जेव्हा त्यांना मातीत पुरून जुनं करतात. मुठीच्या माथ्यावर पात्याचा देठ ठोकून रिवेट केलेला असतो. तिथं नट दिसला तर सावध व्हा.

अधिकारी तलवार स्वतःच्या पैशानं घेई, म्हणून तिच्यावर सरकारी बाणाची खूण सहसा नसते. "बाण आहे, म्हणजे अस्सल" असं कुणी म्हणालं की मी विडा थुंकायच्या निमित्तानं बाहेर जातो.

शेवटी पाठ. मुठीलगत पात्याच्या जाड कडेवर टाल्कम चोळून पुसा. लंडनच्या विल्किन्सन या तलवारी बनवणाऱ्या कंपनीची असेल तर त्यात आकडा उमटतो. परजेजवळ पात्यात जडवलेल्या पितळी टिकलीवर एच डब्ल्यू, म्हणजे हेन्री विल्किन्सन, ही अक्षरं. विल्किन्सननं 1850 च्या दशकापासून हे नंबर वहीत टिपलेत, त्यावरनं साल आणि पुष्कळदा घेणाऱ्याचं नाव निघतं. इतर कारागिरांच्या तलवारींवर नंबर नसतोही, त्यावरनं नकली ठरवू नका. पात्यावर आद्याक्षरं असतील तर जुन्या आर्मी लिस्ट, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या याद्या, आणि लंडन गॅझेट हे ब्रिटिश सरकारी राजपत्र इंटरनेटवर फुकट चाळता येतात. पण एकाच आद्याक्षरांचे पाच कॅप्टन निघतात. पहिल्यावरच जीव लावू नका.

यातलं काहीही होण्याआधी पॉलिश करू नका. पंधरा वर्षांपूर्वी मी एक तलवार बफिंगला दिली होती. परत आली तेव्हा आरशासारखी लखलखीत, आणि नक्षीच्या जागी एक पुसट सावली. पाठीवरचा आकडाही गेला. अजून ती कपाटात आहे, बायकोसमोर काढत नाही. मशीनचं पातळ तेल आणि मऊ फडकं, बस्स.

कायद्याचं दोन ओळीत: तलवार शस्त्र कायद्यात येते, घरी ठेवण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा आणि रिक्षात उघडी घेऊन बसू नका. शंभर वर्षांहून जुनी असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं ती तुम्हाला परदेशी पाठवता येत नाही.

पोराच्या तलवारीच्या पाठीवर टाल्कममधून पाच आकडे स्वच्छ उमटले. टिकलीही जडवलेली, चिकटवलेली नव्हे. मी म्हटलं, "बाळा, अस्सल आहे. नशीब काढलंस." त्यानं तलवार उलटीपालटी केली, परजेकडे पुन्हा एकदा बघितलं.

"पण सत्तावनची अजिबातच नाही का, काका?"