टेस्ट पास, पण फिल्डमध्ये फेल? लोड बदलत असेल तर या चुका टाळा

मशीन किती टिकेल हे बघायला आपण ते तासन्‌तास चालवून लाइफ टेस्ट करतो. त्यात सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सरासरी लोड काढायचा आणि अख्खी टेस्ट त्याच्यावरच चालवायची. कागदावर बरोबर दिसतं, पण बॉल बेअरिंगचं आयुष्य लोडच्या तिसऱ्या घातानं घटतं, म्हणजे लोड दुप्पट झाला की आयुष्य थेट आठव्या हिश्श्यावर. आता समजा स्पीड तोच आहे, मशीन अर्धा वेळ ५० टक्के लोडवर आणि अर्धा वेळ १५० टक्क्यांवर चालतंय, सरासरी आली १००, पण बेअरिंग सलग १०० वर जेवढं टिकलं असतं त्याच्या जेमतेम ५७ टक्केच टिकणार. एकाच लोडवर टेस्ट करायची असेल तर इथे तो १०० नाही, साधारण १२० टक्के घ्यावा लागेल.

दुसरं, चालू-बंद मोजायचंच राहून जातं. डायरेक्ट स्टार्ट होणारी मोटर सुरू होताना रेटेड करंटच्या (म्हणजे पूर्ण लोडवर नेहमी लागणाऱ्या करंटच्या) साधारण ५ ते ७ पट करंट खेचते, आणि आपण टेस्ट कशी करतो, तर एकदा बटण दाबायचं आणि ५०० तास सलग चालवायची. म्हणजे स्टार्ट किती झाले? एक. कस्टमर दिवसाला तीसचाळीस करतो!

मग वेळ कमी आहे म्हणून लोड वाढवतात. वाढवा की, पण फेल झालेला पीस उघडून फिल्डमधून परत आलेल्या पीसशेजारी ठेवा. तिकडे दातांवर झीज आणि इकडे गिअरचा दातच तुटलाय, तर तुम्ही वेगळीच गोष्ट टेस्ट केलीत, तो डेटा आयुष्याच्या हिशोबात धरू नका.

सॅम्पलचं तर विचारूच नका. "३ पीस लावले, तिन्ही पास" यावर रिपोर्टवर सह्या होतात. पण एकही फेल न होता ३ पीस पास झाले तरी ९० टक्के कॉन्फिडन्सनं (म्हणजे खात्रीनं) फक्त ४६ टक्के रिलायबिलिटी सांगता येते, म्हणजे शंभरातले किमान ४६ पीस तेवढं टिकतील एवढंच. ९० टक्के सांगायची असेल तर २२ पीस लागतात, तेही एकही फेल न होता. एवढे पीस मिळत नसतील तर प्रत्येक पीस ठरलेल्या आयुष्याच्या पुढे चालवा, शक्यतो फेल होईपर्यंत.

आणि कमी लोड म्हणजे सेफ, हे डोक्यातून काढा. रोलर बेअरिंगवर पुरेसा लोड नसेल तर रोलर फिरायच्या ऐवजी घसरतात, डिझेल जनरेटर कायम हलक्या लोडवर चालवला की न जळलेलं इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचत जाते. टेस्ट प्लॅनमध्ये हलक्या लोडचे तासही टाका.