प्रवासात इंजिन तापले तर: बिघाड ओळखा आणि गाडी गॅरेजपर्यंत न्या

बहुतेक गाड्यांचे इंजिन ९० अंश सेल्सिअसच्या आसपास चालते. तापमानाचा काटा त्याच्या बराच वर गेला आणि तरीही गाडी रेटली, तर हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकते, गॅस्केट (त्याखालची सील) जाते आणि पाइपची एक क्लिप आवळून सुटणारे काम इंजिन खोलण्यावर येते. म्हणून काटा चढताना दिसताच वागायचे कसे, हे आधीच ठाऊक हवे.

काटा नुकताच वर सरकू लागला असेल तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात ठेवा. उकाडा सहन करा, कारण हीटर हा छोटा रेडिएटरच (गरम पाणी हवेने गार करणारी जाळी) असतो आणि तो इंजिनाची उष्णता बाहेर काढतो. एक-दोन मिनिटांत काटा उतरला नाही, लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" हा विचार सर्वांत महागात पडतो.

थांबल्यावर काटा नेमका कधी चढला ते आठवा. निम्मे निदान त्यातच असते. गर्दीत किंवा उभ्या गाडीत चढला आणि वेग घेताच उतरला, तर संशय रेडिएटरच्या फॅनवर. मोकळ्या रस्त्यावर, वेगात किंवा चढावर चढला, तर कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) कमी आहे, रेडिएटर चोंदला आहे, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) अडकला आहे किंवा वॉटर पंप (कूलंट फिरवणारा पंप) गेला आहे. काटा वर असताना हीटरमधून थंड हवा येत होती, तर कूलंट बरेच कमी झाले आहे किंवा आत हवा अडकली आहे. तापमानाबरोबर बॅटरीचा दिवाही लागला, तर बहुधा इंजिनवरचा बेल्ट (पट्टा) तुटला आहे. ज्या गाडीत त्याच बेल्टवर वॉटर पंप फिरतो, ती नवा बेल्ट बसेपर्यंत चालवू नका.

बॉनेटखालून वाफ येत असेल तर ती ओसरेपर्यंत बॉनेट उघडू नका. नंतर उघडून ३० ते ४५ मिनिटे थांबा. रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण तोपर्यंत अजिबात फिरवू नका. आत साधारण १ बार दाब असतो आणि त्या दाबामुळेच १०० अंशांच्या वर गेलेले पाणी उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि उकळते पाणी तोंडावर उडते. इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, त्यामुळे हात लांब ठेवा.

इंजिन गार झाले की रेडिएटरचा वरचा होज (रबरी) पाइप कापड धरून दाबून पाहा. तो मऊ लागला तर जाड कापडाने झाकण हळूहळू उघडा, पातळी पाहा आणि गाडीखाली ओल शोधा. गळती बहुधा होजच्या टोकाशी, क्लिपजवळ सापडते. क्लिप सैल असेल तर आवळा. टोकालाच चीर असेल आणि पाइपला पुरेशी लांबी असेल, तर तेवढा भाग कापून पाइप पुन्हा बसवा. मधे भोक असेल तर पाइप कोरडा पुसून स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप ताणून ३-४ थर गुंडाळा, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर. साधी इन्सुलेशन टेप इथे टिकत नाही.

गळती नसेल तर फॅनकडे वळा. पातळी (पुढे दिलेल्या पद्धतीने) भरून इंजिन आणि एसी सुरू करा. इलेक्ट्रिक फॅन असलेल्या बहुतेक गाड्यांत तो लगेच फिरायला हवा. न फिरल्यास इंजिन बंद करून फ्यूज पाहा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा लावा. मोठा लावल्यास वायरिंग जळते. फ्यूज ठीक असेल, तर हॉर्नची रिले (वीज जोडणारा छोटा स्विच) त्याच क्रमांकाची असल्यास तात्पुरती फॅनच्या जागी लावून पाहा.

वरचा पाइप खूप गरम, खालचा थंड आणि पातळी पुरेशी, असे दिसले तर थर्मोस्टॅट बंद अडकला असण्याची शक्यता मोठी. तो रस्त्यावर बदलण्याचे काम नव्हे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर किंवा कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे दिसले, तर हेड गॅस्केट गेले असे धरा. मग इंजिन पुन्हा सुरू न करता गाडी ओढूनच न्या.

पाणी भरताना घाई नको. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो. कूलंट नसेल तर साधे पाणी चालते. गॅरेजमध्ये पोहोचल्यावर ते काढून कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे भरून घ्या. झाकण उघडे व हीटर गरमवर ठेवून, गार इंजिन सुरू करा. बुडबुडे थांबेपर्यंत थोडे-थोडे पाणी घाला. पाणी वर उसळू लागले तर बंद करा. लहान गाडीत एकूण कूलंट ४ ते ६ लिटरच असते, त्यामुळे लिटरभर कमी होणेही गंभीर आहे.

टेप लावलेल्या पाइपवर दाब कमी राहावा म्हणून झाकण किंचित सैल ठेवता येते. पण मग पाणी लवकर उकळते, तेव्हा एसी बंद ठेवून सावकाश चाला आणि दर ८-१० किलोमीटरवर थांबून काटा व पाइप पाहा. दर वेळी पाणी घालावे लागत असेल तर पुढे चालवू नका, गाडी ओढून न्या.

डिकीत कायम असू द्या: ५ लिटर पाणी, १ लिटर कूलंट, सिलिकॉन टेप, होजच्या मापाच्या २ क्लिप, फ्यूजचा संच, स्क्रू ड्रायव्हर, जाड हातमोजे आणि टॉर्च.