कॉलेजात ऑड्री लॉर्ड यांचा दिवस करायचा असेल तर

सगळ्यात आधी तारीख. ऑड्री लॉर्ड या अमेरिकेतल्या काळ्या कवयित्री आणि लेखिका. जन्म १८ फेब्रुवारी १९३४चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. मृत्यू १७ नोव्हेंबर १९९२ला, कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर. कॉलेजच्या दृष्टीने दोन्ही तारखा अडचणीच्याच. फेब्रुवारीत सत्र नुकतंच सुरू झालेलं असतं, मुलं अजून विषय बदलत असतात, मध्येच प्रेसिडेंट्स डेची सुट्टी येते. त्यात तो ब्लॅक हिस्टरी मंथ, म्हणजे काळ्यांच्या इतिहासाचा महिना, त्यामुळे प्रत्येक विभागाला हॉल तेव्हाच हवा असतो. नोव्हेंबरात सगळ्यांना थँक्सगिव्हिंगचे वेध. मी न्यूयॉर्कमधल्या एका सरकारी कॉलेजच्या लायब्ररीत काम करते आणि असे कार्यक्रम उभे करण्यात माझा बराच वेळ जातो. माझं ऐकाल तर जन्मतारखेचा हट्ट सोडा आणि एप्रिलमधला एखादा साधा बुधवार धरा. फेब्रुवारी संपला की काळ्या लेखिका परत कपाटात जातात, तेवढं तरी टळेल.

वेळ दुपारची. आमच्याकडे आठवड्यातून काही तास वर्ग नसतात, त्याला क्लब अवर म्हणतात. तोच धरायचा. आमची बहुतेक मुलं सबवेने ये-जा करणारी, संध्याकाळी कुठल्यातरी दुकानात किंवा हॉस्पिटलात ड्युटीवर असणारी. संध्याकाळी सहाचा कार्यक्रम म्हणजे प्राध्यापकांनी प्राध्यापकांसाठी केलेला कार्यक्रम.

आता मुख्य गोष्ट. हा कार्यक्रम कसा करू नये, ते लॉर्डबाईंनी स्वतःच सांगून ठेवलंय. (त्या शिकवायच्या, म्हणून मी त्यांना बाईच म्हणते. साताऱ्याकडची सवय.) सप्टेंबर १९७९मध्ये न्यूयॉर्कमध्ये फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हारच्या 'द सेकंड सेक्स' या पुस्तकानिमित्त एक मोठी स्त्रीवादी परिषद भरली होती. तिथे बाईंनी जे भाषण केलं, ते 'मालकाच्या हत्यारांनी मालकाचं घर पाडता येत नाही' या वाक्यामुळे जगभर गेलं. ते वाक्य आता टी-शर्टवर मिळतं. भाषण मात्र कोणी पुरतं वाचत नाही. त्यात बाई चक्क आयोजकांचा हिशेब मागतात. काळ्या बायकांना एकाच सत्रात का कोंबलं? त्यांना अगदी शेवटच्या घटकेला का शोधलं? आणि तुम्ही इथे स्त्रीवादावर चर्चा करत असताना तुमची घरं कोण झाडतंय, पोरं कोण सांभाळतंय? गरीब आणि गोऱ्या नसलेल्या बायकाच ना?

नियोजनाच्या पहिल्या बैठकीत हे भाषण सगळ्यांनी मोठ्याने वाचा. थोड्याच पानांचं आहे. मग एकेक प्रश्न आपल्याच कार्यक्रमाला लावून बघा.

शेवटच्या घटकेला बोलावणं: पाहुण्या कवयित्रीला निदान चार महिने आधी विचारा, आणि पहिल्याच ईमेलमध्ये मानधनाचा आकडा लिहा. 'आमचं बजेट कमी आहे, पण तुम्हाला व्यासपीठ मिळेल' हे वाक्य कोणाही कवीला लिहू नये, काळ्या बाईला तर नाहीच. सरकारी कॉलेजात पैसे निघायला वेळ लागतो. आधी तिला कॉलेजच्या यादीत व्हेंडर म्हणून नोंदवायचं, मग करासाठीचा डब्ल्यू-नाइन फॉर्म, मग सह्या. चेक कार्यक्रमानंतर मिळणार असेल तर तसं स्पष्ट सांगा. आणि ब्लॅक स्टुडंट युनियनच्या मुलींवर सगळी कामं टाकून 'हा तुमचाच कार्यक्रम' असं गोड बोलू नका. त्यांना कार्यक्रम ठरवण्यात आधी विचारा, पोस्टर चिकटवायला मागाहून.

घर कोण झाडतंय: आमच्या इमारतीतल्या सफाई कर्मचाऱ्यांत कॅरिबियन बेटांवरून आलेल्या बायका बऱ्याच आहेत. लॉर्डबाईंचे आईवडीलही तिकडूनच आले होते, आई ग्रेनाडाजवळच्या कॅरिआकू बेटाची. म्हणून माझी पद्धत अशी की निमंत्रण आधी त्यांना द्यायचं. नुसतं 'या हं' म्हणून चालत नाही. कामाच्या वेळात येता येईल का आणि तो तास पगारी धरला जाईल का, हे सुपरवायझरला लेखी विचारायचं. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या आपण लावायच्या, पेपर प्लेटा आपण गोळा करायच्या. खाणं मागवताना त्यांच्या पाळीची माणसं धरून मागवायचं. बऱ्याच कॉलेजांत ठरलेल्या केटररकडूनच घ्यावं लागतं, पण आग्रह धरला तर कॅरिबियन बेकरीच्या पॅटी आणि कोको ब्रेड मिळू शकतात. चीजचे चौकोनी तुकडे आणि द्राक्षं यांचा ट्रे कृपा करून नको.

पोरं कोण सांभाळतंय: 'पाळणाघराची सोय' असं पत्रकावर लिहू नका. तसं लिहिलं की कॉलेजचे वकील जागे होतात. 'मुलांना घेऊन या' एवढंच लिहा. त्याच खोलीत मागच्या कोपऱ्यात चटई, रंगखडू, कागद ठेवा. मूल मध्येच ओरडलं तर ओरडू दे. लॉर्डबाईंना दोन मुलं होती आणि कविता त्यांनी त्याच धबडग्यात लिहिल्या.

पत्रकाबद्दल आणखी एक. बाई स्वतःची ओळख करून देताना सगळं एका दमात सांगत: काळी, लेस्बियन, आई, योद्धा, कवी. एका कॉलेजात पत्रक ऑफिसातून परत आलं तेव्हा त्यावर फक्त 'कवी आणि कार्यकर्त्या' उरलं होतं. कारण काय, तर जागा कमी पडली. लोगोला मात्र जागा होती. अशा वेळी भांडायचं, आणि शांतपणे भांडायचं. बाईंचंच बोलणं पुढे ठेवायचं. १९७७मध्ये शिकागोला केलेल्या भाषणात त्या म्हणाल्या होत्या की मौन तुमचं रक्षण करणार नाही. ओळखीतला एक शब्द गाळला की उरलेली बाई आयोजकांना सोयीची होते, एवढंच.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. मी नायगावपासून फार लांब वाढले नाही, त्यामुळे सावित्रीबाईंची जयंती शाळेत दर ३ जानेवारीला व्हायची. तसबीर, हार, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, आभारप्रदर्शन. 'काव्यफुले' १८५४ साली छापून आलं हे आम्हाला पाठ होतं, पण त्यातली एक कविता कोणी म्हणून दाखवल्याचं मला आठवत नाही. हे इथेही होतं, फक्त हाराऐवजी पॉवरपॉइंट असतो. म्हणून नियम एकच: एकूण वेळेतला अर्ध्याहून जास्त वेळ बाईंचे शब्द कानावर पडले पाहिजेत.

वाचनासाठी 'अ लिटनी फॉर सर्व्हायवल' ही कविता घ्या, १९७८च्या 'द ब्लॅक युनिकॉर्न' संग्रहातली. उंबरठ्यावर, काठावर जगणाऱ्या माणसांपासून ती सुरू होते आणि भीती दोन्हीकडून असते हे एकामागून एक सांगत जाते: बोललो तरी भीती, गप्प राहिलो तरी भीती. तिची घडणच सामूहिक म्हणण्याजोगी आहे. खोलीत गोल बसा, प्रत्येकाने काही ओळी म्हणायच्या, माईक फिरवायचा. तालीम एकदाच, तीही फक्त श्वास कुठे घ्यायचा यासाठी. नाटकी आवाज काढणाऱ्याला प्रेमाने आवरा. कागद मोठ्या टायपात छापा. बाईंची नजर लहानपणापासून इतकी अधू होती की डोळ्यांशी धरल्याशिवाय त्यांना अक्षर दिसत नसे. त्यांच्या नावाच्या कार्यक्रमाला बारीक टायप शोभत नाही. अख्खी कविता पोस्टरवर किंवा इंटरनेटवर टाकायची असेल तर प्रकाशकाची परवानगी लागते. तिथे कंजूषपणा करू नका.

'पॉवर' ही कविता मात्र विचार करून घ्या. १९७३मध्ये क्वीन्समध्ये एका पोलिसाने क्लिफर्ड ग्लोव्हर या दहा वर्षांच्या काळ्या मुलाला गोळी घातली. पुढच्या वर्षी ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. ज्युरीत अकरा गोरे पुरुष आणि एक काळी बाई. ही बातमी बाईंनी गाडी चालवताना रेडिओवर ऐकली आणि त्या संतापात कविता लिहिली. तेव्हा त्या गुन्हे आणि न्यायव्यवस्थेचं शिक्षण देणाऱ्या जॉन जे कॉलेजात शिकवत होत्या, आणि त्यांच्या वर्गात पोलीसही विद्यार्थी म्हणून बसत. कवितेतली हिंसा अंगावर येते. वाचायला कोणालाही भरीला पाडू नका. वाचण्याआधी घटना सांगा, वाचून झाल्यावर लगेच 'काही प्रश्न?' विचारू नका.

माझा सगळ्यात आवडता भाग खलबत्त्याचा. 'झामी' या १९८२च्या आत्मकथनात एक प्रकरण आहे. पंधराव्या वर्षात असलेल्या ऑड्रीला पाळी येते त्या दिवशी ती आईसाठी साऊस नावाच्या मांसाच्या पदार्थाचं वाटण कुटत असते. आईचा खल लाकडी, बाहेरून फळं कोरलेला. लसूण, मीठ, मिरी, कांदा, सेलरीचा पाला. बत्त्याचा आघात, वाटणाचा ओला वास आणि स्वतःच्या शरीराची नवी जाणीव हे तिथे असं एकजीव होतं की वाचणारा मध्येच थांबतो. हे प्रकरण वाचताना टेबलावर खरेच खलबत्ते ठेवा. लोकांना घरून आणायला सांगा. आमच्याकडे मेक्सिकन मुलीने काळ्या दगडाचं मोल्काहेते आणलं, एका नायजेरियन बाईंनी उंच लाकडी उखळ, मी माझ्या आजीचा पितळी. वाचन थांबेल तिथे लसणाची पाकळी आणि खडे मीठ कुटायला द्या. एरवी तोंड न उघडणारी मुलं इथे बोलायला लागतात, आयांविषयी, स्वयंपाकघरातल्या रागाविषयी. तुम्ही गप्प बसा आणि खिडक्या उघड्या ठेवा, लसणाच्या वासावरून तक्रार येते.

नर्सिंग विभाग असेल तर त्यांना 'द कॅन्सर जर्नल्स' द्या. स्तनाच्या कर्करोगावर बाईंचं ऑपरेशन १९७८मध्ये झालं. कृत्रिम स्तन न लावता त्या डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा तिथल्या नर्सने सुनावलं की असं आलात तर इथल्या लोकांचं मनोधैर्य खचतं. भावी नर्सेसनी हा प्रसंग वाचून आपसात बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं. वेगळा वक्ता लागत नाही.

शहरात असाल तर एक शनिवार फिरण्यात घाला. लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू आणि ६८वा रस्ता, म्हणजे हंटर कॉलेजचा कोपरा, २०२२पासून 'ऑड्री लॉर्ड वे' आहे. तिथे त्या शिकल्या आणि पुढे प्राध्यापक झाल्या. तिथून खाली जाऊन स्टेटन आयलंडची फेरीबोट घ्या, ती फुकट आहे. सेंट पॉल्स ॲव्हेन्यूवरचं त्यांचं घर २०१९पासून शहराच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. पण ते खाजगी घर आहे. समोरच्या फुटपाथवरून बघा, बेल वाजवू नका, आणि कविता फेरीबोटीवरच वाचून घ्या.

भारतातून इथे शिकायला आलेली आपली मुलं विचारतात, यात आमचं काय काम? फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. बाबासाहेब ज्या कोलंबियात शिकले, तिथेच १९६१मध्ये लॉर्डबाईंनी ग्रंथपालाची पदवी घेतली. सांगण्यासारखं भरपूर आहे, पण ते तुमच्या सत्रात सांगा. इथे माईक मागू नका, खुर्च्या उचला. आणि फुले सांगायचे असतील तर कॉलेजातल्या आपल्या मंडळात जातीवर कधी बोलणं होतं का, तेही सांगावं लागेल. मग बघा किती जण थांबतात.

लायब्ररीकडे एवढंच मागा की पुस्तकं काचेत लावायची नाहीत. बाई स्वतः ग्रंथपाल होत्या. पुस्तकं टेबलावर उघडी, सोबत कार्ड स्कॅन करायला एक माणूस, आणि 'सिस्टर आउटसायडर' या बाईंच्या निबंधसंग्रहाच्या जास्तीच्या प्रती. काही परत येत नाहीत. त्या बजेटमध्ये आधीच धरा.

कार्यक्रम झाला की खर्चाचा कागद, केटररचा नंबर, कोणाच्या सहीवाचून काय अडलं, हे सगळं एका फोल्डरमध्ये घालून विद्यार्थी संघटनेला द्या, कारण मुलं पदवी घेऊन निघून जातात. आणि पाहुण्या कवयित्रीचा चेक निघाला का, हे दर सोमवारी अकाउंट्सला फोन करून विचारा. निघेपर्यंत विचारत राहा.