स्टॅण्डर्ड झूम वापरताय? लेन्सला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

२४-७० एफ/२.८ ही स्टॅण्डर्ड झूम लेन्स घेऊन मला सव्वा वर्ष झालं होतं आणि मी ती विकायला काढली होती. (२४-७० ही एमएममधली फोकल लेन्ग्थ, २४ ला समोरचं जास्त मावतं आणि ७० ला जवळचं दिसतं; एफचा आकडा म्हणजे अपर्चर, लेन्सचं भोक, आकडा जितका लहान तितकं भोक मोठं.) कारण एकच, सॉफ्ट आहे, म्हणजे फोटो मऊ, पुसट येतात. बघायला आलेल्या माणसाने लेन्स हातात घेतली, मोबाइलचा टॉर्च काचेवर तिरका मारला आणि अगदी शांतपणे विचारलं, "हा फिल्टर शेवटचा कधी पुसलाय?" लेन्सच्या तोंडावर लावलेल्या त्या काचेच्या फिल्टरच्या बरोब्बर मधोमध अंगठ्याचा ठसा होता, माझाच, तेलकट, आणि त्याच्याभोवती मी टीशर्टच्या टोकाने गोल गोल घासून तयार केलेली धुरकट चकती. त्याने खिडकीकडे तोंड करून दोन फोटो काढले, एक फिल्टर लावून आणि एक काढून, आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मोठे करून माझ्यासमोर धरले. पुढे काही बोलायची गरजच नव्हती. मी लेन्स विकली नाही, तो बिचारा हात हलवत परत गेला.

नंतर मी रिकामा वेळ काढून जुने बिघडलेले फोटो उकरत बसले, म्हटलं बघू तरी लेन्सने खरंच काय काय बिघडवलंय. खरा दोष एकच सापडला, तो शेवटी सांगते. बाकीचं सगळं माझं कर्तृत्व. आणि ओळखीतले बाकीचे लोक या रेंजच्या लेन्सबद्दल जे रडगाणं गातात (२४-७०, २४-१०५, क्रॉपवाल्यांची, म्हणजे छोट्या सेन्सरच्या कॅमेरावाल्यांची १८-५५, सगळ्या आल्या) तेही ऐकलं तर बहुतेक त्याच त्या चुका असतात.

आधी ब्लर ओळखायला शिका

"फोटो शार्प येत नाही" ही तक्रारच अर्धवट आहे. फोटो १०० टक्क्यांवर उघडा आणि बघा की नक्की काय बिघडलंय. सगळीच फ्रेम एका दिशेने पुसल्यासारखी दिसते, दिव्यांचे ठिपके छोट्या रेघा झालेत, तर हात हललाय. माणूस तेवढा पुसट आणि त्याच्याच अंतरावरच्या बाकीच्या वस्तू कडक शार्प, तर माणूस हललाय, शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) कमी पडला. माणूस पुसट पण त्याच्या मागची खुर्ची शार्प, तर फोकस खुर्चीवर गेलाय. सगळंच थोडं दुधाळ, काळा रंग काळा दिसतच नाही, तर काचेवर काहीतरी आहे किंवा उजेड थेट काचेवर पडतोय. आणि फ्रेमची एकच बाजू कायम मऊ येत असेल तरच लेन्सकडे संशयाने बघायचं. लोक यातलं काहीच न बघता थेट लेन्स रिपेअरला नेतात नाहीतर विकायला काढतात, मीही तेच करत होते.

हात हलण्याचं म्हणाल तर जुना हिशोब अजून उपयोगाचा आहे, जेवढी फोकल लेन्ग्थ तेवढा तरी शटर स्पीड, म्हणजे २४ ला १/२५ सेकंद आणि ७० ला १/८०. पण हल्लीच्या जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेरा बॉडीवर एवढ्याने भागत नाही, दुप्पट धरा, ७० ला १/१६०. झूममध्ये गंमत अशी होते की २४ ला सगळं छान येत असतं, तुम्ही त्याच १/४० वर बोलता बोलता ७० ला जाता आणि बोंब होते, कारण बोटांनी फक्त झूम रिंग फिरवलेली असते, बाकी काही बदललेलंच नसतं. ऑटो आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता कॅमेऱ्यानेच ठरवणं) वापरत असाल तर मेनूत किमान शटर स्पीडची सेटिंग असते, ती लावून टाका, हा त्रास निम्मा कमी होतो.

आणि स्टेबिलायझेशनचा भरवसा जरा जपून. ते तुमचा हात सांभाळतं, समोर धावणाऱ्या पोराला थांबवत नाही. १/१५ वर भिंत शार्प येईल, पोरगं भुतासारखं येईल, त्याला १/५०० च लागतं. बरं, सगळ्या २४-७० मध्ये स्टेबिलायझेशन असतंच असंही नाही, कॅननची २०१२ ची ईएफ २४-७० एफ/२.८ दुसरी आवृत्ती बिनास्टेबिलायझेशनचीच आहे, सोनीच्या जीएम २४-७० मध्येही नाही, तिथे ते काम बॉडी करते. आपल्या लेन्सवर तो स्विच आहे का हे एकदा डोळ्यांनी बघा, हसू नका, न बघणारे खूप आहेत.

२.८ चे पैसे दिलेत म्हणून सगळं २.८ वर

ही चूक मी मनापासून केली आहे. एवढी महाग लेन्स घेतली तर ती पूर्ण उघडीच वापरणार ना! मग दोन रांगांचा ग्रुप फोटो काढला, पुढची रांग झकास, मागच्या रांगेतल्या सगळ्यांचे डोळे लोण्यासारखे. हिशोब असा आहे, फुल फ्रेमवर (३५ एमएम फिल्मएवढा मोठा सेन्सर) ७० एमएम, एफ/२.८, माणूस ३ मीटरवर, तर शार्प दिसणारा पट्टा पुढेमागे मिळून साधारण ३० सेंटीमीटरचा. एका माणसाला पुरतो, दोन रांगांना कसा पुरणार? तेच ३ मीटर अंतर आणि तेच २.८, पण २४ एमएम, तर साधारण २.१ मीटरपासून ५.३ मीटरपर्यंत सगळं बऱ्यापैकी शार्प दिसतं. म्हणजे एकच आकडा झूमच्या दोन टोकांना दोन वेगळ्या गोष्टी करतो आणि आपण मात्र अपर्चर एकदा लावून विसरतो. ग्रुपला ५.६ किंवा ८ वर या, आयएसओ वाढला तर वाढू दे, नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) नंतर कमी करता येतो, गेलेला फोकस परत येत नाही.

उलट्या बाजूचे लोकही असतात, लॅण्डस्केप म्हटलं की थेट एफ/२२. तिथे डिफ्रॅक्शन लागतं, छोट्या भोकातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो थोडा बोथट होतो. फुल फ्रेमवर ८ ते ११ मध्ये राहा, १६ च्या पुढे फारच गरज असली तर. आणि याच १६-२२ वर आकाशात काळपट ठिपके दिसायला लागतात, मग माणूस लेन्स पुसत बसतो. ठिपका प्रत्येक फोटोत त्याच जागी असेल आणि २.८ ला गायब होत असेल तर तो सेन्सरवरचा कण आहे, लेन्स कितीही पुसा, जाणार नाही. लेन्सच्या आत दिसणाऱ्या दोन-चार धुळीच्या कणांनी फोटोत काहीही फरक पडत नाही, त्यावरून झोप उडवू नका. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर मात्र ती बुरशी, तेव्हा उडवा. लेन्स कोरड्या जागी, ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवली की सहसा ती वेळ येत नाही.

पाय विसरणं

३५ एमएम स्टिल कॅमेऱ्यासाठी बाजारात आलेला पहिला झूम म्हणजे १९५९ चा फोक्टलेंडर झूमार, ३६-८२ एमएम आणि तोही एफ/२.८. म्हणजे ही रेंज लोकांना तेव्हापासून हवीच होती, आणि एका जागी उभं राहून रिंग फिरवायचा आळसही बहुधा तेवढाच जुना असणार.

लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये मेटाडेटा (फोटोसोबत साठवलेली माहिती) फिल्टरला फोकल लेन्ग्थ लावून एकदा स्वतःचे फोटो बघा. माझे बघितले तेव्हा दोन ढीग निघाले, एक २४ चा आणि एक ७० चा, मधलं जवळपास रिकामं. म्हणजे मी झूम वापरतच नव्हते, "सगळं घे" आणि "जवळ आण" अशी दोनच बटणं दाबत होते. हे का वाईट, तर फोटोतला लांब-जवळचा भास तुम्ही कुठे उभे आहात त्यावरून ठरतो, रिंगवरून नाही. रिंग फक्त किती कापायचं ते ठरवते.

चेहऱ्यांवर हे सगळ्यात जास्त दिसतं. २४ ला उभ्या फ्रेममध्ये चेहरा भरून घ्यायचा तर तुम्हाला साधारण ३० सेंटीमीटरवर जावं लागतं, आणि नाकाचा शेंडा कानापेक्षा १२ सेंटीमीटर पुढे धरला तर नाक ३० वर आणि कान ४२ वर. मग नाक भोपळ्यासारखं येणारच, आणि त्या माणसाने फोटो बघून तुमच्याशी बोलणं सोडलं तर त्यात लेन्सची काय चूक? ७० ला तोच चेहरा भरायला ९० सेंटीमीटरवरून काढता येतो, तिथे ९० आणि १०२ मध्ये असा कितीसा फरक. म्हणून आधी पायांनी अंतर ठरवायचं, मग रिंगने फ्रेम. ग्रुपमध्येही २४ ला कडेला उभे असलेले लोक ताणून जाडे दिसतात, जागा असेल तर दोन पावलं मागे जाऊन ३५ ला काढा.

झूम केल्यावर गडबड होते ती

काही लोक ७० ला डोळ्यावर फोकस घेतात, मग ३५ ला येऊन क्लिक करतात. ही सवय व्हिडिओवाल्यांकडून आलेली असावी, त्यांच्या सिने आणि ब्रॉडकास्ट झूममध्ये फोकस जागेवर राहतो. फोटोग्राफीच्या बहुतेक झूममध्ये राहत नाही, थोडा सरकतो, आणि २.८ ला थोडासुद्धा पुरतो. आधी झूम, मग फोकस. बास.

कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स वापरणाऱ्यांची वेगळीच तक्रार, मॅन्युअल मोडमध्ये झूम केलं की फोटो काळा पडतो, कॅमेरा बिघडला. बिघडला नाही हो. १८-५५ वर एफ/३.५-५.६ लिहिलेलं असतं त्याचा अर्थच तो, १८ ला ३.५ पर्यंत उघडते आणि ५५ ला ५.६ च्या पुढे उघडतच नाही, साधारण सव्वा स्टॉपचा उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). एकतर मॅन्युअलमध्ये ५.६ वरच सुरुवात करा नाहीतर ऑटो आयएसओला सांभाळू दे.

आणि फुल फ्रेमची २४-७० क्रॉप बॉडीवर लावणार असाल तर आधी गुणाकार करा. दीडपटीच्या बॉडीवर ती ३६-१०५ सारखी वागते, कॅननच्या १.६ वर ३८-११२. पोर्ट्रेटला मस्त, खोलीत ग्रुप काढायला भिंतीत शिरावं लागेल. वाइड हवं असेल तर क्रॉपसाठीच बनवलेली १६-५५ किंवा १७-५० जास्त कामाची.

हूड, फ्लॅश आणि बाकी किरकोळ

हूड (बाजूचा उजेड अडवायला लेन्सच्या तोंडावर लावायचं कडं) उलटा लावून शूट करणारे बघितले की मला राहवत नाही. उजेड तर अडत नाहीच, वर झूम रिंग झाकली जाते. पाकळ्यांचा हूड वाइड टोकाच्या, म्हणजे २४ च्या हिशोबाने कापलेला असतो, त्यामुळे ७० ला तो तोकडाच पडतो, बाजूने ऊन येत असेल तर सरळ तळहात आडवा धरा, व्ह्यूफाइंडरमध्ये कॉन्ट्रास्ट वाढलेला लगेच दिसतो. (कॅननच्या २००२ च्या २४-७० ने यावर भारी तोड काढली होती, नळी २४ ला बाहेर यायची आणि ७० ला आत जायची, हूड मात्र बाहेरच्या स्थिर अंगावर बसायचा, म्हणून दोन्हीकडे मापात.) पण बॉडीवरचा छोटा फ्लॅश वापरताना हूड काढा. वाइडला फोटोच्या खालच्या कडेला अर्धगोल काळी सावली येते ना, ती लेन्सची आणि हूडचीच असते, सेन्सर जळलेला नसतो.

रिंग जॅम झाली म्हणून जोर लावण्याआधी नळीवर छोटा लॉक स्विच आहे का बघा, बॅगेत ठेवताना तुम्हीच लावलेला असतो. ऑटोफोकस अचानक बंद पडला तर आधी एएफ-एमएफ (ऑटोफोकस-मॅन्युअल फोकस) स्विच बघा, बॅगेतून काढताना तो सरकतो, मी एकदा यावर पाऊण तास आणि एक अख्खा सूर्यास्त घालवलाय. लेन्सशी संपर्क होत नाही असा एरर आला तर कॅमेरा बंद करून लेन्स काढा, मागचे सोनेरी कॉन्टॅक्ट कोरड्या मायक्रोफायबरने पुसा, परत टिक् आवाज येईपर्यंत फिरवा. बरेचदा एवढंच असतं.

आता तो खरा दोष

एवढं सगळं करूनही एक बाजू मऊच येत असेल तर ही टेस्ट करा. विटांची किंवा बारीक टेक्स्चर असलेली सपाट भिंत, ट्रायपॉड, टायमर, पूर्ण उघडं अपर्चर, कॅमेरा भिंतीला जमेल तितका समांतर. स्टेबिलायझेशन बंद. एक फोटो सरळ काढा, मग कॅमेरा उलटा करून दुसरा. कॉम्प्युटरवर दोन्ही न फिरवता बघा, म्हणजे ऑटो रोटेट बंद करून. मऊ बाजू फ्रेममध्ये त्याच जागी राहिली तर लेन्सच्या आतली एखादी काच जरा तिरकी बसलीये, वॉरंटीत असेल तर पाठवा. बाजू बदलली तर लेन्स ठीक आहे, तुम्ही तिरके उभे होता. २४, ३५, ५० आणि ७० चारही ठिकाणी करा, कारण झूममध्ये एका टोकाला दोष असतो आणि दुसऱ्याला नसतो असं होऊ शकतं.

माझ्या लेन्सचा निकाल: ७० ला, २.८ वर, डावा वरचा कोपरा थोडा मऊ. एफ/४ ला दिसतही नाही. तिथे मी सध्या कोणाला उभं करत नाही.