दुकान-दुकान खेळताना मोजणी कशी शिकवावी

चार-साडेचार वर्षांचं मूल पन्नासपर्यंत आकडे घडाघडा म्हणतं, म्हणजे त्याला मोजता येतं असं नाही. आरती पाठ असते तसे आकडे पाठ असतात. खात्री करायची तर ढिगातून पाच चिंचोके मागून बघा. बहुतेक वेळा मूठभर हातात येतात.

मांडणी सोपी आहे: लिंबं, चमचे, रिकाम्या काडेपेट्या, साबणाची खोकी. पैसे म्हणून चिंचोके. विकतचा प्लास्टिकचा सेट आणू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शंख-शिंपले, खडे, बिया, पानं अशा परिसरातल्या वस्तूंवर बालवाडी उभी केली, ती काही कमी प्रतीची नव्हती. फक्त घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर चिंचोके नकोत. ते नाकात जातात, घशात अडकतात. जुने पत्ते नोटा म्हणून छान चालतात.

दुकानदार मूलच. भावही त्यानेच ठरवायचा. एका लिंबाला नऊ चिंचोके म्हणालं तर घासाघीस करा.

आता अवघड भाग, आणि तो मुलासाठी नाही, आपल्यासाठी अवघड आहे. गिऱ्हाईक होऊन बोलायचं आणि तसंच राहायचं. बालवाडीत पहिली दोन वर्षं मी दर मिनिटाला विचारायचे, "मोज बघू, किती झाले?" एकदा एका मुलीने चमचे खाली ठेवले आणि म्हणाली, "ताई, खेळ संपला का?" बरोबरच होतं तिचं. कुठलं गिऱ्हाईक वाण्याची परीक्षा घेतं?

मोजण्याची गरज खेळातूनच निर्माण करावी लागते. माझा उपाय एकच: माल आणि गिऱ्हाईक यांच्यात अंतर ठेवा. दुकान ओसरीवर, गोदाम आतल्या खोलीत. "शेठ, घरी चार पाहुणे आलेत, चार चमचे द्या." आता मुलाला "चार" डोक्यात धरून आत जावं लागतं. समोर ढीग असला की ते तुमच्या चेहऱ्याकडे बघत एकेक चमचा देत राहतं आणि तुम्ही मान हलवली की थांबतं. ती मोजणी तुमची झाली, त्याची नाही.

सहा चमचे आणले तर "चुकलं" म्हणू नका. प्रत्येक पाहुण्यापुढे एकेक ठेवा (पाहुणे म्हणजे वाट्या किंवा बाहुल्या) आणि म्हणा, "अहो शेठ, दोन उरले की! परत घ्या, माझे पैसे जातील." कमी आणले तर एक पाहुणा उपाशी. चूक त्याला स्वतःला दिसते आणि ते पळत आत जातं. तीनपासून सुरुवात करा. तीन पक्के झाल्याशिवाय चार मागू नका. दहाची घाई करणाऱ्या आजी-आजोबांना पाहुणे म्हणून बसवा, म्हणजे बोलणार नाहीत.

बोट पुढे जातं आणि तोंड मागे राहतं, किंवा उलट, हेही सगळ्यांचं होतं. मुलाचं बोट धरून फिरवू नका, त्याने काही होत नाही. अंड्यांचा रिकामा ट्रे द्या: "या ओळीत लिंबं भरून द्या, प्रत्येक खळग्यात एक." खळगे शिस्त लावतात, तुम्हाला लावावी लागत नाही.

मग किती झाली, असं विचारल्यावर मूल पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण, हे त्याला अजून उमगलेलं नाही. समजावून सांगू नका. "पाच ना? मग पाचाचे पैसे घ्या," असं बोलत व्यवहार पुढे न्या. काही आठवडे जातात.

पंधरा-वीस मिनिटांनी मूल कंटाळतं, कधी पाचच मिनिटांत. दुकान बंद म्हणालं की बंद. चिंचोके डब्यात भरायचं काम मात्र त्याच्याकडे ठेवा; गल्ला दुकानदाराचा असतो.