सिग्नलचा हात वर जाईना

बार्शी लाइट या छोट्या रेल्वेची ७६२ मिलिमीटर रुंदीची नॅरोगेज लाइन गेली, पण लातुरात आम्ही तिघं-चौघं हौशी दर रविवारी एक जुना सिग्नल सांभाळतो. मे महिन्यात लिव्हर (तारेनं सिग्नल ओढायचा दांडा) सोडला तरी त्याचा हात, म्हणजे खांबावरची पट्टी, आडवा होईना, अर्धवट लोंबकळत राही. हात आडवा म्हणजे थांबा, खाली म्हणजे जा; इथं थांबा की जा, कळायचंच नाही!

तार ढिली वाटली म्हणून भर दुपारी ताणली. चूकच ती. उन्हात तार वाढते. पहाटे आखडली अन् हात आणखी खाली ओढला गेला.

खरा दोषी खांबाच्या बुडाची, तार जिच्यावरून जाते ती कप्पी. जुनं ग्रीस अन् काळ्या मातीची धूळ मिळून डांबरासारखा थर. रॉकेलनं धुतली, पातळ तेल सोडलं, तार सकाळी पुन्हा लावली. लिव्हर सोडताच खाडकन हात आडवा!